उघडलेली वाईन खराब होऊ नये म्हणून: विदर्भातल्या गावाकडच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईन टिकवण्याबद्दलचे बहुतेक सल्ले थंड हवेच्या देशातून आलेले असतात. 'बूच लावून ओट्यावर ठेवा, दोन दिवस चालेल' हा सल्ला नवतप्यात कोणी पाळला तर दुसऱ्या दिवशी बाटली मोरीत ओतावी लागेल. म्हणून इथली उत्तरं ४५ अंशांचा मे, दमट जुलै, एका दाराचा फ्रिज आणि मधूनमधून जाणारी लाईन धरून दिली आहेत.

बाटली उघडल्यावर आत नेमकं होतं काय?

दोन वेगळ्या गोष्टी होतात. लोक दोन्हींना 'आंबली' म्हणून मोकळे होतात, पण उपाय निवडायचा तर फरक माहीत हवा.

पहिली गोष्ट म्हणजे ऑक्सिडेशन. हवेतला प्राणवायू वाईनमध्ये विरघळतो आणि द्राक्षाच्या सालीतून आलेल्या फिनॉल द्रव्यांशी त्याची क्रिया होते. वाईनमध्ये लोह आणि तांब्याचा अंश असतोच, तो ही क्रिया पुढे ढकलतो. यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड करतं. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा जो शिळा वास येतो तो याचा. कारखान्यात घातलेला सल्फर डायऑक्साइड हे सगळं काही काळ थोपवतो, पण तो संपत जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे व्हिनेगर होणं. हे काम अॅसिटोबॅक्टर जातीच्या जिवाणूंचं. त्यांनाही प्राणवायू लागतो. ते २५ ते ३० अंशांत जोमानं वाढतात आणि चाळिशीच्या पुढे मंदावतात. त्यामुळे आपल्याकडे मे महिन्यात वाईन आंबट होण्याआधी शिळी आणि शिजल्यासारखी होते. व्हिनेगर होण्याचा खरा धोका पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास असतो.

अर्धी बाटली उरली तर आत किती हवा असते? एवढ्याशा हवेनं काय बिघडणार?

७५० मिलीच्या बाटलीत ३७५ मिली वाईन उरली तर वर निदान तेवढीच हवा आली. त्यात सुमारे ७९ मिली, म्हणजे वजनात साधारण १०० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. वाईन एका वेळी लिटरमागे सातआठ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळवून घेते, पण तो खर्च झाला की वरून पुन्हा ओढते. १०० मिलिग्रॅमचा साठा अर्ध्या बाटलीचा सत्यानाश करायला पुरून उरतो. बूच घट्ट लावून फारसा फरक पडत नाही तो यामुळेच. चोर आधीच घरात शिरलेला असतो.

मग सगळ्यात महत्त्वाचं काय, हवा काढणं की थंड ठेवणं?

थंड ठेवणं. यात आमच्या मनात काहीच शंका नाही.

ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. फ्रिजमध्ये ४ अंश आणि पत्र्याच्या खोलीत ४४ अंश धरले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे वेग सोळापट. फ्रिजात चार दिवस निघणारी वाईन त्या खोलीत सहा तासांची सोबती. हिशेब अगदी काटेकोर नाही, पण दिशा बरोबर आहे. दोन हजारांचं यंत्र घेऊन बाटली बाहेर ठेवणाऱ्यापेक्षा साधं झाकण लावून फ्रिजात ठेवणारा फायद्यात राहतो.

लाल वाईनही फ्रिजातच ठेवायची. 'लाल वाईन थंड करत नाहीत' हे पिण्याबद्दल आहे, साठवण्याबद्दल नाही. प्यायच्या आधी बाहेर काढून ठेवा. हिवाळ्यात पाऊण तास लागेल, मे महिन्यात दहापंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

कोणती वाईन किती दिवस टिकते?

नीट झाकण लावून, उभी, फ्रिजमध्ये ठेवली असं धरून: पांढरी आणि रोझे तीन ते पाच दिवस. शिराझ, कॅबर्नेसारखी दाट लाल तीन ते पाच, हलकी लाल दोन ते तीन. फसफसणारी एक ते तीन दिवस, तेही दाबाचं झाकण असेल तर. खोक्यातली पिशवीवाली वाईन चार ते सहा आठवडे जाते, कारण वाईन काढली की पिशवी आकसते आणि आत हवा शिरत नाही.

वरून अल्कोहोल घातलेल्या वाईन वेगळ्या. टॉनी पोर्ट तीनचार आठवडे, रुबी पोर्ट दोनेक आठवडे, फिनो शेरी जेमतेम आठवडा आणि मडेरा कित्येक महिने टिकते. मात्र आपल्याकडे 'पोर्ट' नावानं मिळणारी प्रत्येक गोड वाईन त्या जातीची नसते. लेबलवर अल्कोहोलचा आकडा पाहा. १७ ते २० टक्के असेल तरच हे आठवडे धरा. १२-१४ असेल तर ती साध्या लाल वाईनच्याच रांगेत.

यंत्र न घेता करता येईल असा सगळ्यात चांगला उपाय कोणता?

लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवणं. हवेला जागाच उरली नाही तर बाकी भानगडी कमी होतात. त्यासाठी १८० मिलीची काचेची क्वार्टर उत्तम. एका वाईनच्या बाटलीत चार क्वार्टर आणि वर ३० मिली बसते, म्हणजे अर्धी बाटली ठेवायची तर दोन क्वार्टर पुरतात. ३७५ मिलीची बाटली मिळाली तर एकातच काम होतं.

क्रम चुकला की फायदा निम्मा होतो, म्हणून जरा सविस्तर.

किती प्यायची ते बाटली उघडण्याआधी ठरवा. उघडल्याबरोबर आधी क्वार्टर भरा, मग ग्लास. जेवण झाल्यावर उरलेली भरायला घेतली तर तोवर तिनं दोन तास गरम हवा खाल्लेली असते.

क्वार्टर कढत पाण्यानं धुवा. व्हिस्की-रमचा वास काचेला कमी आणि झाकणाच्या आतल्या चकतीला जास्त धरून राहतो. झाकण एक वाटी पाणी आणि एक चमचा खायच्या सोड्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी धुऊन वास घ्या. वास येत असेल तर ते झाकण बाद. बाटली उपडी ठेवून पूर्ण सुकू द्या. काही बाटल्यांच्या तोंडात पुन्हा भरता येऊ नये म्हणून प्लास्टिकची गोळीवाली अडचण बसवलेली असते. ती काढता येत नसेल तर दुसरी बाटली बघा.

ओतताना वाईन काचेच्या कडेनं सावकाश सोडा. वरून धार धरली की ओततानाच हवा मिसळते. नरसाळ्याला खाण्यापिण्यासाठी चालणारी बारीक नळी लावून ती तळापर्यंत नेता आली तर सगळ्यात छान. पितळी किंवा तांब्याची गाळणी आणि नरसाळं वापरू नका. वर सांगितलेली क्रिया हे धातूच वाढवतात. स्टील चालेल.

झाकणाखाली चारपाच मिलिमीटर जागा सोडा. थंड वाईन २० अंश तापली तर १८० मिलीत सुमारे एक मिली फुगते. अगदीच गच्च भरली तर झाकणातून पाझरेल.

शेवटी चिठ्ठी चिकटवून तारीख लिहा आणि उभी करून फ्रिजात टाका. अशी वाईन सात ते दहा दिवस बिनधास्त टिकते.

प्लास्टिकची क्वार्टर किंवा पाण्याची बाटली चालेल का?

तीनचार दिवसांसाठी चालेल. प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत शिरतो, काचेतून शिरत नाही. सॉसची किंवा लोणच्याची बाटली मात्र कितीही घासली तरी वास सोडत नाही.

आणि शेतावरच्या घरांसाठी एक गोष्ट ठासून: फवारणीच्या औषधाची, तणनाशकाची किंवा टॉनिकची रिकामी बाटली कोणत्याही पेयासाठी वापरायची नाही. धुऊन नाही, उकळून नाही, 'काचेचीच तर आहे' म्हणूनही नाही. तसंच थंड पेयाच्या बाटलीत भरलेली बिनचिठ्ठीची लाल वाईन लहान पोरं सरबत समजून पितात, तेव्हा फ्रिजात वरच्या कप्प्यात आणि चिठ्ठी लावूनच ठेवा.

लाईन गेली आणि फ्रिज बंद पडला तर?

पहिली गोष्ट म्हणजे दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरतो. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या जितक्या जास्त तितका गारवा टिकतो, म्हणून रिकामी जागा पाण्यानं भरून ठेवायची सवय लावा. वाईन दाराच्या कप्प्यात ठेवू नका. दर वेळी दार उघडलं की पहिला झळका तिलाच बसतो. मागच्या भिंतीजवळ ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही.

फ्रिजच नाही. माठ किंवा रांजण कामाचा आहे का?

उन्हाळ्यात आहे, आणि चांगलाच आहे. आपल्या मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनानं बाहेर ४४ अंश असताना माठातलं पाणी २५ ते २८ अंशांपर्यंत उतरतं. पिण्याच्या पाण्याचा माठ सोडून वेगळा घ्या, तो ओल्या रेतीवर, सावलीत, वारा लागेल असा ठेवा आणि घट्ट झाकणाची भरलेली बाटली मानेपर्यंत पाण्यात बुडेल अशी उभी करा. माठ नसेल तर बाटलीला ओलं फडकं किंवा चुंगडीचा तुकडा गुंडाळून कूलरसमोर ठेवा आणि फडकं सुकू देऊ नका.

यानं फ्रिजचं काम होत नाही. चार दिवसांऐवजी एक दिवस मिळेल, लहान बाटलीत काठोकाठ भरली असेल तर दोन. मृग लागला की हा उपाय विसरा. दमट हवेत माठ गार होत नाही आणि कूलरही नुसताच पाणी उडवतो.

हवा ओढून घेणारा हातपंप घ्यावा का?

रबरी बूच आणि हातपंप हा प्रकार १९८० च्या दशकात हॉलंडमधून बाजारात आला आणि आता ऑनलाइन सहज मिळतो. त्यानं एकदोन दिवस वाढतात, तेही फ्रिजात ठेवल्यास. त्याच्या मर्यादा अशा: पूर्ण निर्वात होत नाही, बरीच हवा आत उरते. रबर जुनं झालं किंवा बाटलीच्या तोंडाला वाईनचा थर सुकलेला असला की बारापंधरा तासांत हवा परत शिरते. आणि ओततानाच वाईनमध्ये विरघळलेला प्राणवायू पंपानं फारसा निघत नाही. सुगंधी पांढऱ्या वाईनचा थोडा सुवासही पंपाबरोबर जातो.

घेतला असेल तर बाटलीचं तोंड आतबाहेर पुसा, बूच ओलं करून बसवा, हाताला जोर लागेपर्यंत पंप मारा. दुसऱ्या दिवशी बूच काढताना 'फुस्स' आवाज आला नाही तर समजा की ते गळतंय. फसफसणाऱ्या वाईनला पंप अजिबात लावू नका.

आरगॉन वायूचं काय? गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे सिलिंडर आहे.

आरगॉन हवेपेक्षा जड आणि निष्क्रिय आहे, त्यामुळे वाईनवर त्याचं पांघरूण बसतं. उपाय खरा आहे. खाद्यपेयांसाठीच्या आरगॉनचा फवारा मिळतो. नळी बाटलीत घालून दोनतीन सेकंद हळू सोडायचा आणि लगेच झाकण लावायचं. जोरात सोडला तर तो आतली हवा ढवळतो आणि पांघरूण बसतच नाही.

वेल्डिंगचं सिलिंडर मात्र नको. तो वायू खाण्यापिण्यासाठी प्रमाणित नसतो, त्यात कार्बन डायऑक्साइडची भेसळ असू शकते, नळ्यांमध्ये तेल-धूळ असते आणि दाब इतका की बाटली हातात फुटेल.

२०१३ साली अमेरिकेत कोराव्हिन नावाचं यंत्र आलं. बूच न काढता सुई आत घालून ते वाईन काढतं आणि जागा आरगॉननं भरतं. महागड्या बाटलीतून महिन्याला एक ग्लास घेणाऱ्यांसाठी ते आहे. नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यावर ही सुई चालत नाही, वेगळं झाकण घ्यावं लागतं. रोजच्या बाटलीसाठी हा खर्च आम्हाला पटत नाही.

बाटलीत मेणबत्ती पेटवून प्राणवायू जाळता येतो म्हणतात?

नाही. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास उतरला की ज्योत विझते. तीनचतुर्थांश प्राणवायू तसाच राहतो आणि वर धुराचा वास. तोंडानं फुंकर मारून हवा 'बदलणं'ही तसंच, शिवाय थुंकीतले जंतू फुकट.

काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणली तर?

तत्त्व बरोबर आहे, हिशेब जड आहे. १६ मिलिमीटरची गोटी जेमतेम २ मिली जागा घेते. १०० मिली जागा भरायला ४७ गोट्या लागतील आणि त्या सगळ्या घासून, उकळून, सुकवून एकेक सोडायच्या. क्वार्टर हाताशी असताना हा उद्योग कशाला!

संत्र्याच्या स्क्वॅशला आम्ही केएमएस घालतो. तेच चिमूटभर वाईनमध्ये घातलं तर?

पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वाईनच्या कारखान्यातही वापरतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. अडचण मापाची आहे. स्क्वॅशला लिटरमागे अर्धा-पाऊण ग्रॅम घालतात, कारण ते पाण्यात पातळ करून प्यायचं असतं. वाईन तशीच प्यायची असते. एक चिमूट म्हणजे साधारण ३०० मिलिग्रॅम. केएमएसचा सुमारे ५७ टक्के भाग सल्फर डायऑक्साइड म्हणून सुटतो. अर्ध्या बाटलीत चिमूट टाकली तर लिटरमागे साडेचारशे मिलिग्रॅम होतील. युरोपात कोरड्या लाल वाईनला १५० आणि पांढरीला २०० ची मर्यादा आहे, यावरून अंदाज घ्या. अशी वाईन पेटवलेल्या काडीसारखी नाकात जाते.

करायचंच असेल तर खाद्य दर्जाचं १ ग्रॅम केएमएस उकळून गार केलेल्या १०० मिली पाण्यात विरघळवा. सुई नसलेल्या सिरिंजनं त्यातलं २ मिली ३७५ मिली वाईनमध्ये घाला. त्यानं लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमची भर पडते, तेवढी पुरते. उरलेलं द्रावण फेकून द्या, ठेवलं की ताकद जाते. घरात कोणाला दमा असेल तर हा मार्ग सोडा. आमचं विचाराल तर क्वार्टर आणि फ्रिज असताना याची गरजच पडत नाही.

बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर चालेल का?

बाटली नको. साधी वाईन उणे ५-६ अंशांला गोठते, फुगते आणि बूच ढकलते किंवा काच फोडते. स्वयंपाकासाठी ठेवायची तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठल्यावर खडे पिशवीत भरा. दोनतीन महिने निघतात. फक्त सावजी रश्श्यात टाकू नका, त्या मसाल्यापुढे वाईन गेली कुठे तेच कळत नाही.

बाटली आडवी ठेवायची ना?

बंद आणि बुचाची असेल तर आडवी. उघडली की उभी. आडवी ठेवली की हवेला लागणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो.

फसफसणाऱ्या वाईनच्या तोंडात चमचा अडकवला तर बुडबुडे टिकतात का?

टिकत नाहीत. आतला दाब सुरुवातीला ५-६ बार असतो, चमचा तो कसा अडवणार? दोन्ही बाजूंनी पकड असलेलं झाकण लागतं. बुडबुडे जेवढे टिकतात ते थंडीमुळे.

संत्री तोडणीच्या दिवसांत वाईन लवकर आंबट होते, हे खरं का?

खरं आहे. घरात संत्र्यांचे ढीग असले, दोनचार सडकी असली की चिलटं येतात. ती अॅसिटोबॅक्टर पायाला घेऊन फिरतात आणि वाईनचा वास त्यांना ओढून आणतो. आंब्याच्या अढीजवळही हेच होतं. उघडी बाटली आणि वापरलेले ग्लास ओट्यावर ठेवू नका. बाटलीत चिलट पडलेलं दिसलं तर ती वाईन ठेवण्याच्या नादी लागू नका.

खराब झाली हे ओळखायचं कसं? पिण्यात आली तर धोका आहे का?

पांढरी वाईन चहासारखी पिवळट-तपकिरी होते, लाल वाईनची कड विटकरी दिसते. शिळ्या सफरचंदाचा वास म्हणजे ऑक्सिडेशन. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास म्हणजे जिवाणू. ओल्या पुठ्ठ्याचा वास पहिल्याच घोटाला आला असेल तर तो बुचाचा दोष, तुमच्या साठवणीचा नाही. बंद बाटलीचं बूच वर आलेलं असेल, कड चिकट असेल आणि चव शिजवलेल्या मुरंब्याची असेल तर ती वाटेत गाडीत तापलेली आहे. यातलं काही विषारी नाही, फक्त मजा नाही.

आंबलेल्या वाईनचं घरी व्हिनेगर करता येतं का?

येतं. १२ टक्क्यांच्या वाईनमध्ये तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घाला. एकूण मिश्रणाच्या चौथाईइतकं न उकळलेलं, गढूळ, जिवंत व्हिनेगर मिसळा. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. पितळ, तांबं किंवा अॅल्युमिनियमचा गंज नको, आम्ल धातू खातं. वर पातळ सुती कापड बांधा, म्हणजे हवा जाईल आणि चिलटं अडतील. २५ ते ३० अंशांत दीडदोन महिने लागतात. वर साय धरते ती मोडू नका. हिरवी-काळी केसाळ बुरशी आली तर सगळं फेका. सुरुवात पावसाळ्याच्या अखेरीस करा, एप्रिलमध्ये नको. हे व्हिनेगर कोशिंबिरीला वापरा. लोणचं टिकवायला वापरू नका, त्याचं आम्ल किती हे घरी मोजलेलं नसतं.

उरलेली बाटली गाडीतून गावाकडे नेता येईल का?

तापमानाचं आधी: उन्हात उभ्या गाडीत पारा साठीपर्यंत जातो. बाटली बर्फाच्या डब्यात, सीटखाली, आणि गाडी थांबली की तुमच्याबरोबर खाली.

आता कायद्याचं. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती, आता नाही. नागपूरहून अमरावतीला जुन्या रस्त्यानं जा की समृद्धीनं, मध्ये वर्धा जिल्हा लागतोच. यवतमाळच्या वाटेवरही तो आहेच. तिथे पकडली गेलेली बाटली 'अर्धीच आहे, वाईनच आहे' म्हणून सुटत नाही. त्या वाटेनं जायचं असेल तर बाटली नेऊच नका.